रिकामी जागा सोडा

वाचनालयाचा खजिनदार होण्यासाठी कॉमर्सची पदवी लागत नाही, सभेला उशिरा पोचण्याची सवय लागते. मी पोचलो तेव्हा माझी एकमताने निवड झालेली होती आणि चहा संपलेला होता. बँकेतला कारकून म्हणजे जन्मजात खजिनदार अशी गावाची समजूत असते. दिवसभर दुसऱ्यांचे पैसे मोजणाऱ्या माणसाला संध्याकाळी पुन्हा दुसऱ्यांचेच पैसे मोजायला बसवणे म्हणजे आचाऱ्याला सुट्टीच्या दिवशी पंगतीला वाढायला लावण्यासारखे आहे, हे कोणाच्या ध्यानात येत नाही.

खजिन्यात तीनशे चाळीस रुपये आणि सभासदांचे एक जाडजूड रजिस्टर निघाले. रजिस्टरची पाने वाळवीने वाचली होती. निदान कोणीतरी वाचली! मी ते घरी आणले आणि आमच्या कन्येने ते पाहिले, तिथून या प्रकरणाला सुरुवात झाली. कन्या कराडला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. उन्हाळ्यात पुण्याच्या एका कंपनीत तिने उमेदवारी केली होती.

"बाबा, याची वेबसाइट करू या. मला नाहीतरी एम्बरचा सराव हवाय."

"उंब्रजचा सराव कशाला हवा? इथंच तर जन्मलीस."

"उंब्रज नव्हे हो, एम्बर! जावास्क्रिप्टचं फ्रेमवर्क आहे. कंपनीचं जुनं काम त्याच्यात आहे."

मी "अस्सं" म्हणालो. बँकेत पंचवीस वर्षे काढल्यावर न कळलेल्या गोष्टीला कोणत्या सुरात "अस्सं" म्हणायचे एवढे तरी माणसाला येतेच. पण मुलीला बापाचा सूर कळतो. तिने मला समोर बसवले आणि अगदी सुरुवातीपासून सुरुवात केली.

जावास्क्रिप्ट ही भाषा ब्रेंडन आइक नावाच्या गृहस्थाने १९९५ साली दहा दिवसांत रचली. दहा दिवसांत! आमच्याकडे एवढ्या वेळात कर्जाचा अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर जात नाही. नुसत्या भाषेत मोठी कामे करणे जिकिरीचे झाले, तेव्हा लोकांनी तिच्यावर सांगाडे उभे केले. एम्बर हा त्यातलाच एक सांगाडा. येहुदा काट्झ आणि मंडळींनी २०११ साली त्याचे नाव आधी 'अँबर' ठेवले, पण ते नाव दुसऱ्या कोणीतरी आधीच घेतलेले निघाले, म्हणून काही दिवसांतच 'एम्बर' केले. बारशाला आत्याबाई दोन असल्या की हे असे होते. २०१३ साली त्याची पहिली पक्की आवृत्ती निघाली.

"आणि त्यातली मुख्य गोष्ट म्हणजे नेस्टेड रूट," कन्या म्हणाली. "एका रूटच्या आत दुसरा रूट. बाहेरच्याला पालक म्हणायचं, आतल्याला मूल."

इथे मात्र मी सावरून बसलो. ज्या भाषेत पोटभाडेकरू, पोटमाळा, पोटशाखा, पोटजात आणि पोटखाते आहे, त्या भाषेतल्या माणसाला कोणाच्या पोटात कोण आहे हे शिकवायला अमेरिकन कशाला हवा? नेस्टेड रूट म्हणजे पोटरस्ता. आमचे गावच तसे आहे. चाफळच्या रामाला जायचे तर हमरस्ता सोडून उंब्रजवरून आत वळावे लागते. उंब्रज टाळून थेट चाफळला उतरायची सोय समर्थांनीही ठेवली नाही. उलट जाता जाता आमच्या गावालाही अकरांतला एक मारुती देऊन ठेवला.

मी एवढ्यावर थांबलो नाही. पिनकोडची गोष्टही सांगितली. श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतातले कवी. त्यांनी देशाच्या पत्त्यांना सहा आकड्यांत बसवले आणि १५ ऑगस्ट १९७२ पासून ती पद्धत सुरू झाली. कराडचा ४१५११० घ्या. पहिला ४ पश्चिमेचा, पहिले तीन आकडे मिळून टपालाच्या वर्गवारीचा जिल्हा, शेवटचे तीन त्या टपाल कचेरीचे. बाहेरून आत, आतून आणखी आत. पाकिटावर आपण मात्र उलटे लिहितो, आधी माणूस, मग गाव, मग तालुका, मग जिल्हा. वेबसाइटचा पत्ता वेलणकरांच्या वळणाचा असतो. आधी वाचनालय, मग तिरपी रेघ देऊन सभासद, पुन्हा तिरपी रेघ आणि सतरा. म्हणजे वाचनालयाच्या पोटात सभासद आणि सभासदांच्या पोटात सतरा नंबर.

"बरोबर," कन्या म्हणाली. तिच्याकडून हा शब्द मी बऱ्याच महिन्यांनी ऐकत होतो.

पुढचा धडा टेम्प्लेटचा. तो तर मला उपजत येत होता. टेम्प्लेट म्हणजे छापील नमुना. पैसे भरण्याची स्लिप असते ना, तशी. 'रुपये' छापलेले असते, आकडा आपला. हजार सभासदांसाठी हजार पाने करायची नाहीत, पान एकच करायचे आणि रिकाम्या जागी ज्याचे त्याचे नाव येऊ द्यायचे. रिकामी जागा दाखवायला स्लिपवर टिंबे असतात, इथे दोन-दोन महिरपी कंस घालतात. हा कंस आडवा केला की मिशीसारखा दिसतो, म्हणून अशा एका टेम्प्लेट-पद्धतीला 'मस्टॅश' असे नाव पडले आणि तिच्यावरून पुढे निघालेल्या एम्बरच्या पद्धतीला 'हँडलबार्स', म्हणजे दोन्ही टोके वर वळवलेली भरघोस मिशी. आमच्या सातारा जिल्ह्यात या विद्येचा पाया चावडीवर केव्हाच घातला गेला होता, फक्त आमच्या मंडळींनी मिशीच्या मध्ये लिहायला जागा सोडली नाही.

एवढे झाल्यावर कन्येने दोन दिवसांत वेबसाइट उभी केली. मुखपृष्ठ आले. 'सभासद' म्हटले की यादी आली. यादीतल्या नावावर टिचकी मारली की त्या सभासदाचे पान यायला हवे होते. ते येईना.

यात चीड आणणारी गोष्ट अशी की चूक म्हणून कुठे काही नव्हते. वर पत्त्याच्या पट्टीत 'सभासद'नंतर निमूटपणे 'सतरा' उमटत होते. पोर आत गेले होते. खाली पान मात्र तेच, यादीचे. लाल अक्षरे नाहीत, घंटा नाही, काही नाही. आमच्याकडे खात्यात एक रुपयाचा फरक आला तरी संगणक सगळ्या शाखेला घरी जाऊ देत नाही. हा मात्र पोर हरवले तरी तोंडातून ब्र काढत नव्हता.

चार दिवस हे चालले. कन्या रात्री दोनदोनपर्यंत बसायची. तिने सतराच्या पानाची झडती घेतली, ते निर्दोष निघाले. माहिती येते का ते पाहिले, येत होती. तिच्या सांगण्यानुसार पालकाचे काम आधी उरकते, मग मुलाचे सुरू होते, तेव्हा पालक कुठे रेंगाळतोय का तेही पाहिले. तोही वेळेवर कामाला हजर होता. पाचव्या दिवशी, रविवारी, ती इतकी रडवेली झाली की मी माझ्या धंद्यातला शेवटचा उपाय सुचवला.

"आपण वाचून टिक मारू."

हिशेब जुळेनासा झाला की आम्ही हेच करतो. एकाने मोठ्याने वाचायचे आणि दुसऱ्याने पेन्सिलीने टिक करायची. यात बुद्धीचा संबंध नसल्यामुळे चुका सापडतात. मी चष्मा लावून पालकाचे टेम्प्लेट वाचू लागलो. शीर्षक. टिक. सभासदांची यादी. टिक. यादी संपली. टिक. वाचनालयाची वेळ. टिक.

"पुढे?"

"पुढे काही नाही. भरलं पान."

"काही नाही?" ती किंचाळली. "आउटलेट?"

आउटलेट म्हणजे माझ्या मते मोरीचे पाणी जाण्याची वाट. ती तुंबली की गवंडी हाच शब्द वापरतो. एम्बरमध्ये मात्र मिशांच्या दोन जोड्यांमध्ये 'आउटलेट' हा एकच शब्द लिहून पालक आपल्या पानात एक जागा मोकळी ठेवतो. गणपतीच्या मखराला महिरप लावतो आणि मध्ये काही ठेवत नाही, तसे. आतल्या रूटचे पान येते ते त्या जागेत येऊन बसते. जागाच नसेल तर पान तयार असूनही दिसत नाही, आणि त्याबद्दल कोणी तक्रारही करत नाही.

"मुलाच्या पानात मी चार दिवस चूक शोधतेय," कन्या म्हणाली, "आणि पालकानं जागाच सोडलेली नाही. स्वतःच भरून बसलाय. मग पोर दिसणार कुठं?"

स्वयंपाकघराच्या दारात आमची सौभाग्यवती पालक निवडत बसली होती. योगायोग म्हणून सांगतो, विनोद म्हणून नव्हे. ती म्हणाली, "कळलं का आता तरी?"

"मला म्हणालीस?"

"छे. जुडीला म्हटलं. माती फार आहे."

कन्येने आउटलेट घातले आणि सतराचे पान आले, पण यादीच्या खाली, कोपऱ्यात अंग चोरून. कारण पालकाची यादी जागची हलली नव्हती. मग यादी तिथून उचलून 'इंडेक्स' नावाच्या पानात ठेवली. हा इंडेक्स म्हणजे पालकाचा आणखी एक मुलगा, घरात दुसरे कोणी नसताना दिवाणखान्यात बसणारा. नुसते 'सभासद' म्हटले की हा दिसतो, 'सभासद सतरा' म्हटले की उठून सतराला जागा देतो. पालकाच्या अंगावर उरले फक्त शीर्षक, वेळ आणि मधली रिकामी जागा.

"आणि पालकाला टेम्प्लेटच लिहिलं नसतं तर?" मी विचारले.

"तर काहीच अडलं नसतं. टेम्प्लेट नसेल तर एम्बर तिथं नुसतं आउटलेट धरतो. मुलाचं पान सरळ दिसतं."

"म्हणजे बाप अजिबात नसला तरी चालतं, पण भरलेला चालत नाही?"

"टेम्प्लेट, बाबा. टेम्प्लेटबद्दल चाललंय."

पडद्यावरचे सतराचे पान मी आता नीट पाहिले. तो मीच होतो. 'बाल सभासद क्र. १७, सन १९८९.' कन्येने रजिस्टरातल्या अर्जाचे छायाचित्रही जोडले होते. अर्ज आमच्या वडिलांच्या हस्ताक्षरात होता. नाव, इयत्ता, पत्ता. आणि 'आवडीचे विषय' या शब्दांपुढच्या टिंबांवर ठळक शाईत लिहिले होते 'हिशेब'. त्या वर्षी मी बाबूराव अर्णाळकरांच्या रहस्यकथांखेरीज कशालाही हात लावत नव्हतो आणि गणितात मला शंभरपैकी एकतीस होते. पण वडिलांनी ती जागा रिकामी सोडली नव्हती. पुढे मी कॉमर्सला गेलो आणि बँकेत लागलो. आता कोणी विचारले तर मीही हिशेबच सांगतो.

त्या रात्री मला झोप लागली नाही. दिवाळीत कन्या म्हणाली होती की बंगळूरच्या एका कंपनीचे बोलावणे येईलसे दिसते. मी तिला बँक भरतीच्या परीक्षेचे पुस्तक आणून दिले होते. संक्रांतीला ती म्हणाली, "बाबा, आलं पत्र." मी म्हणालो होतो, "छान. फॉर्मची शेवटची तारीख बघून ठेव." तिने पुन्हा विषय काढला नाही. घरात आवाज चढला नाही, दार आपटले नाही. मला वाटले होते, पान तेच आहे.

पुढच्या रविवारी आमचे मेहुणे आले. मेहुणे पंचायत समितीतून निवृत्त झाल्यापासून नातेवाइकांच्या मुलांचा कारभार पाहतात. चहा घेता घेता त्यांनी भाचीकडे बघत मला विचारले, "मग दाजी, पोरीचं बँकेच्या परीक्षेचं कुठवर आलं?"

या प्रश्नाला द्यायचे माझे उत्तर छापून तयार असते. मी तोंड उघडले. समोर कन्या ताटलीत चिवडा काढत होती, तिने मान वरसुद्धा केली नाही. मी उघडलेल्या तोंडात एक अख्खे खारे बिस्किट घातले.

बिस्किट बरेच मोठे होते. खोलीत इतकी शांतता झाली की हमरस्त्यावरचे ट्रक ऐकू येऊ लागले. मेहुण्यांनी माझ्याकडे पाहिले, मी चावत होतो. त्यांनी बहिणीकडे पाहिले, ती खिडकीतून बाहेर बघत होती. मग नाइलाजाने त्यांनी भाचीकडे पाहिले.

"मामा, मी बँकेची परीक्षा देत नाहीये," कन्या म्हणाली.

मी दुसरे बिस्किट घेतले. तिने कंपनीचे सांगितले, कामाचे सांगितले, पगार सांगितला (तो ऐकून मला ठसका लागला, माझ्यापेक्षा जास्त होता), राहायची सोय सांगितली. पाऊण तास बोलत होती. मध्ये एकदा मेहुणे म्हणाले, "पण बंगळूर म्हणजे लांब," तेव्हा मलाच राहवले नाही आणि मी म्हणालो, "लांब कसलं? हा आपल्या दारावरून जातो तोच रस्ता. मध्ये कुठं वळायचंसुद्धा नाही." एवढे बोलून मी तिसरे बिस्किट घेतले.

जाताना मेहुण्यांनी मला दाराबाहेर बाजूला घेतले आणि आवाज खाली आणून विचारले, "दाजी, तब्येत बरी आहे ना? आज काहीच बोलला नाहीत."