तामीळ बोलपटांचें एक वर्ष

बोलपटांची आवड शिक्षकास शोभत नाहीं, असें मानणारे सद्‌गृहस्थ अद्यापि भेटतात. त्यांच्याशीं वाद घालण्याचा माझा हेतु नाहीं. मी मात्र गेलीं अनेक वर्षें तामीळ बोलपट मोठ्या हौसेनें पाहत आलों आहें. त्यांपैकीं सन २०२१ हें वर्ष मनांत इतकें ठसून राहिलें आहे कीं, त्याविषयीं चार शब्द या वार्षिकांत लिहावे असें वाटलें.

तें वर्ष महामारीचें होतें. १३ जानेवारी रोजीं, पोंगलच्या सणास, लोकेश कनगराज यांचा ‘मास्टर’ प्रदर्शित झाला, तेव्हां चित्रगृहांतील निम्म्याच खुर्च्यांवर प्रेक्षकांस बसूं देत असत. यांतील नायक आमच्याच पेशांतला, महाविद्यालयांतील प्राध्यापक. परंतु तो मद्यपी आहे, आणि बालसुधारगृहांतील मुलांचा उद्धार तो मुख्यत्वेंकरून मुष्टिप्रहारांनीं करितो. विजय या नटाच्या कौशल्यामुळें दोन घटका करमणूक झाली खरी. पण खरा शिक्षक मला त्या वर्षीं दुसरीकडे भेटला.

तो भेटला पा. रंजित यांच्या ‘सारपट्टा परंबरै’ या बोलपटांत. आपल्याकडे कुस्तीच्या जशा तालमी, तशीं उत्तर मद्रासेंत मुष्टियुद्धाचीं घराणीं होतीं. त्यांची ही १९७० नंतरच्या दशकांतील कथा आहे. घराण्याचा वस्ताद रंगन याला सारे ‘वाद्यार’ म्हणतात, आणि तामीळ लोक शाळेंतल्या शिक्षकालाहि याच शब्दानें ओळखतात. आणीबाणींत, १९७६ सालीं, तामीळनाडूचें मंत्रिमंडळ बरखास्त होतें, वाद्यार तुरुंगांत जातो आणि त्याचा शिष्य कबिलन दारूच्या नादीं लागून धुळीस मिळतो. तेथून तो पुनः उभा राहतो ही कथा नवी नव्हे. परंतु शिक्षक दूर गेल्यावर शिष्याचें काय होतें, हें इतक्या स्पष्टपणें मीं क्वचितच पाहिलें आहे.

एप्रिल महिन्यांत दोन बोलपट पाठोपाठ आले. मडोन अश्विन यांचा ‘मंडेला’ विधानसभेच्या मतदानाच्या दोनच दिवस आधीं, ४ एप्रिल रोजीं, दूरचित्रवाणीवर दाखविला गेला. योगी बाबू या विनोदी नटानें त्यांत एका खेड्यांतील न्हाव्याची भूमिका केली आहे. गांव त्याच्याकडून केस कापवून घेतें, वाटेल तीं कामें करवितें, पण त्याचें खरें नांव कोणासहि ठाऊक नाहीं. टपालकचेरींत बचतीचें खातें काढावयाचें तर नांव हवें, म्हणून तेथील एक बाई त्याला नेल्सन मंडेला हें नांव देते. पुढें गांवच्या निवडणुकींत दोन पक्षांचीं मतें समसमान भरतात, आणि निकाल या एका मतावर येऊन ठेपतो. मग कालपर्यंत ज्यास कोणी विचारीत नव्हतें, त्याच्या दारीं सारें गांव हात जोडून उभें राहतें.

९ एप्रिल रोजीं मारी सेल्वराज यांचा ‘कर्णन’ आला. पोडियंकुळम या खेड्यांत बस थांबत नाहीं, एवढीच मूळ तक्रार. आरंभींच एक लहान मुलगी रस्त्याच्या मध्यभागीं आंचके देत पडलेली दिसते, आणि गाड्या तिच्या दोहों बाजूंनीं निघून जातात. शुभवर्तमानांतील यरीहोच्या वाटेवरचा तो याजक व तो लेवी मला त्या क्षणीं आठवले. पुढें पोलीस अधिकाऱ्यास गांवच्या वृद्धांचीं महाभारतांतलीं नांवेंच खुपतात. एका बोलपटांत माणसास नांव नाहीं; दुसऱ्यांत तें आहे, तर तें धारण करणें हाच अपराध! शेवटीं नायक तलवार उचलतो. ख्रिस्ताचा अनुयायी या नात्यानें तें मला पटत नाहीं. परंतु त्या मुलीसाठीं पहिलीच गाडी थांबली असती, तर तलवारीची गोष्ट निघाली असती काय, याचेंहि उत्तर द्यावें लागतें.

१७ एप्रिल रोजीं विवेक हे थोर विनोदी नट निवर्तले. डॉ. अब्दुल कलाम यांच्या प्रेरणेनें त्यांनीं लक्षावधि झाडें लावविलीं होतीं.

नोव्हेंबरांत टी. जे. ज्ञानवेल यांचा ‘जय भीम’ आला. शीर्षकांतील अभिवादन आपल्या महाराष्ट्रांतलें. कथा तामीळनाडूंतील १९९३ सालच्या एका सत्य प्रकरणावर आधारलेली. पोलिसांच्या कोठडींतून नाहींसा झालेला राजाकण्णू, त्याची गरोदर पत्नी सेंगेणी, आणि तिच्यासाठीं उच्च न्यायालयांत झगडणारा वकील चंद्रू. मूळचे के. चंद्रू पुढें त्याच न्यायालयाचे न्यायाधीश झाले. सर्वांचें लक्ष वकिलाकडे जातें. माझें गेलें तें इरुळर वस्तींतील प्रौढांस अक्षरें शिकविणाऱ्या मैत्रा या शिक्षिकेकडे. अखेरीस सेंगेणीची मुलगी वकिलासमोर, त्याच्याचसारखी पायावर पाय टाकून, हातीं वर्तमानपत्र घेऊन बसते.

परंतु त्या वर्षाचा जो बोलपट मला सर्वांत अधिक आठवतो, तो बहुतेकांना २०२३ सालींच घरीं पाहावयास मिळाला. पी. एस. विनोदराज यांच्या ‘कूळांगल’ म्हणजे ‘खडे’ या बोलपटास २०२१ च्या आरंभीं रॉटरडॅम येथील महोत्सवांत टायगर पारितोषिक मिळालें. माहेरीं गेलेल्या बायकोस आणावयास निघालेला मद्यपी बाप आपल्या मुलाला भर वर्गांतून उठवून नेतो. रखरखीत माळावरून दोघे पायीं परततात. तहान मारण्यासाठीं मुलगा एक खडा तोंडांत धरितो, आणि घरीं पोंचल्यावर तो इतर खड्यांच्या राशींत ठेवितो. अशा वाटा त्यानें किती वेळां तुडविल्या, याचा हिशेब त्या राशींत आहे. शाळेच्या हजेरीपटावर त्याच दिवसांपुढें केवळ ‘गैरहजर’ असा शेरा पडला असेल.

उत्तम मेंढपाळ आपल्या मेंढरांस नांवानें हांक मारितो, असें प्रभूनें सांगितलें आहे. रोज सकाळीं हजेरी घेतांना शिक्षक तेंच करीत असतो. विद्यार्थी मित्रहो, तुमच्या शेजारचें बांक सलग तीन दिवस रिकामें राहिलें, तर चौथ्या दिवशीं शाळा सुटल्यावर त्या सोबत्याच्या घरीं जा. तो कां आला नाहीं तें विचारा, आणि दुसऱ्या दिवशीं आपल्या वर्गशिक्षकांस येऊन सांगा.