घरची शाळा आणि जर्मनीचा कायदा

मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवायला जर्मनीत परवानगी नाही, हे नवऱ्याची फ्रँकफर्टला बदली होईपर्यंत आमच्या गावीही नव्हतं. पुण्यात आमची लेक कधी शाळेत गेलीच नव्हती. सकाळी वेताळ टेकडी, मग बालभारतीची पुस्तकं, मंडईत भाजीचा हिशेब, संध्याकाळी आजोबांबरोबर बुद्धिबळ. नातेवाइकांत कुजबुज होती, पण सरकारदरबारी कुणी चौकशी केली नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात मुलांना शाळेत घालणं आईवडिलांचं कर्तव्य म्हटलंय, पण न घातल्यास त्यांना शिक्षा सांगितलेली नाही. पुढे राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून दहावी देता येईल, या भरवशावर आमचं चाललं होतं.

इथे घर घेतलं की दोन आठवड्यांत नगरपालिकेच्या कचेरीत अख्ख्या कुटुंबाची नोंद करावी लागते. त्यानंतर लवकरच घरी पत्र आलं. मुलीला शाळेत घालणार का, असं त्यात विचारलेलं नव्हतं. अमुक दिवशी तिला घेऊन या, एवढंच होतं. भेटीला गेल्यावर मी समोरच्या बाईंना मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये म्हटलं, की आम्ही हिला घरी शिकवतो, तेच चालू ठेवायचंय. त्यांचा चेहरा काळजीने भरला. "मुलगी आजारी आहे का? मग आमचे शिक्षक घरी येतात." आजारी नाही, म्हटल्यावर त्या गोंधळल्या आणि मीही. घरी शिकवणं ही आईवडिलांची आवड असू शकते, हे त्यांच्या कल्पनेतच बसत नव्हतं. मग त्यांनी सावकाश एकच शब्द उच्चारला, शुलफ्लिश्ट, म्हणजे शाळेची सक्ती.

त्या रात्री मी कायदा वाचायला बसले. शिक्षण इथे प्रत्येक राज्याच्या अखत्यारीत आहे आणि आमचं राज्य हेसन. नऊ वर्षं शाळा सक्तीची. मुलाला कायमचं किंवा पुन्हापुन्हा शाळेपासून दूर ठेवणाऱ्याला दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद! इथून जवळच, डार्मश्टाटच्या भागात, २०१३ साली एका कुटुंबाची चार मुलं पोलीस आणि बालकल्याण अधिकाऱ्यांनी घरातून नेली होती. ती तीन आठवड्यांनी परत मिळाली. आईवडील स्ट्रासबुर्गच्या युरोपीय मानवाधिकार न्यायालयात गेले. २०१९ मध्ये निकाल लागला: जर्मनीने त्यांच्या कौटुंबिक जीवनाच्या हक्काचा भंग केलेला नाही. वाचताना माझे हात गार पडले होते. लेक शेजारच्या खोलीत झोपली होती. मी दोनदा उठून तिला पाहून आले.

हा हिटलरचा कायदा आहे, असं घरी शिकवणाऱ्या पालकांकडून खूप ऐकायला मिळतं. १९३८ मध्ये देशभर एकच शाळासक्तीचा कायदा झाला, हे खरं. पण सक्ती त्याआधीची आहे. १९१९ च्या वायमार राज्यघटनेतच ती आली आणि १९२० पासून पहिली चार वर्षं सगळ्यांना एकत्र शिकवणारी शाळा ठरली. त्याआधी पैसेवाल्यांची मुलं घरच्या शिक्षकाकडे किंवा वेगळ्या वर्गात शिकत आणि कामगारांची मुलं गर्दीच्या शाळेत. ती भिंत पाडायची होती. हे वाचल्यावर माझा राग बराच उतरला. पुण्यात सोसायटीच्या फाटकाआडची मुलं आणि पलीकडच्या वस्तीतली मुलं एका बाकावर बसत नाहीत, हे मी रोज पाहत आले आहे. इथल्या घटना न्यायालयानेही २००३ साली याच धर्तीवर म्हटलं, की धर्म किंवा विचारांच्या नावाखाली वेगळे पडलेले समाज उभे राहू नयेत, यात सगळ्यांचं हित आहे.

पण हे मान्य करूनही माझं मन एका गोष्टीवर अडतं. शेजारच्या ऑस्ट्रियात सक्ती शिक्षणाची आहे, शाळेच्या इमारतीची नाही. तिथे घरी शिकवायचं तर आधी कळवावं लागतं आणि वर्षाअखेर मुलाला परीक्षा द्यावी लागते. नापास झालं, तर शाळेत जावं लागतं. मुलाकडे सरकारचं लक्ष राहतं, नुसतं घरी शिकवतात म्हणून कुणाच्या घरी पोलीस जात नाहीत. जर्मनीने असं का करू नये? मुलं एकमेकांत मिसळावीत ही इच्छा चांगली आहे, पण त्यासाठी मूल आईपासून तोडणं ही फार मोठी किंमत आहे, आणि ती मुलानेच मोजायची असते. हे मी इथल्या ओळखीच्या प्रत्येकाला सांगते. आमच्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षिका माझं सगळं ऐकून घेतात आणि मग शांतपणे विचारतात, "ज्या मुलाला घरी मार बसतो, ते शाळेत आलं नाही तर कुणाला कळणार?" वर्गातल्या एका मुलाच्या दंडावरचे वळ त्यांनी एकदा स्वतः पाहिले होते. त्या प्रश्नावर माझ्याकडे अजून पुरतं उत्तर नाही. परीक्षेच्या दिवशी वर्षातून एकदा दिसलेलं मूल पुरेसं दिसतं का?

लेक शाळेत जाऊ लागली. दुसरा मार्ग परत जाण्याचा होता आणि आम्हाला एकत्र राहायचं होतं. तिला आधी जर्मन शिकण्याच्या खास वर्गात घातलं. प्रवेशाच्या वेळी तिच्यापुढे गणिताचा कागद ठेवला होता. ८४ नंतर दोन टिंबं एकावर एक, मग ४. ती माझ्याकडे बघत राहिली, कारण आपल्याकडे ही खूण गुणोत्तराची. बाईंनी एक सफरचंद उचलून हवेत सुरी फिरवल्यासारखं केलं. तिने लगेच २१ लिहिले. बाईंनी तिचा १ पाहून विचारलं, हा काय? इथे एकाला वरून लांब तिरकी रेघ असते आणि सातच्या पोटात आडवी. त्या दिवशी घरी येऊन तिने दोन्ही देशांचे आकडे शेजारी शेजारी मांडले आणि खाली आपले देवनागरीही. मला तेव्हा हायसं वाटलं, की शिकण्याची तिची रीत तिच्याबरोबर शाळेतही गेली आहे.

प्राथमिक शाळा दुपारी सुटते. त्यानंतर घरी काय शिकवायचं, याला कायद्याची काही हरकत नाही. त्या वेळेत माइन नदीच्या काठी बगळे मोजणं, मराठी वाचन, आजोबांशी व्हिडिओ कॉलवर बुद्धिबळ. पुण्याइतकं मोकळं ते नाही. गणपतीसाठी चार दिवस जास्त मागितले, तर शाळा सहसा देत नाही. २०१८ साली बव्हेरियात मेमिंगेनच्या विमानतळावर पोलिसांनी शाळा बुडवून सुट्टीवर निघालेली कुटुंबं अडवली होती, त्यामुळे तिकिटं काढताना मी आधी शाळेचं वेळापत्रक पाहते.

आता चौथी संपत आली आहे. दहाव्या वर्षी इथे मुलांच्या वाटा फुटतात आणि कुणी गिमनाझियमला, म्हणजे विद्यापीठाकडे नेणाऱ्या शाळेत जावं, कुणी दुसऱ्या शाळेत, याची शिफारस शाळा करते. सगळ्यांना एका बाकावर बसवण्यासाठी इतका हट्ट धरणारा देश चार वर्षांतच त्यांना वेगळं का करतो, हे मी पुढच्या पालकसभेत बाईंना विचारणार आहे. जर्मन वाक्यं लिहून ठेवली आहेत, शेजारच्या बाईंकडून तपासूनही घेतली आहेत.