सुया, लोकर आणि एक वही

काळा कोट अंगावर चढविणाऱ्या माणसाने लोकरीच्या सुया हाती धराव्यात, हे आमच्या वकीलमित्रांस अद्याप पचलेले नाही. ‘आज पक्षकार फिरकले नाहीत वाटते?’ असे ते दारातूनच विचारतात आणि आम्ही मान वर न करता हातची ओळ पुरी करतो. गोव्याकडील वाचकांस लोकरीची महती काय सांगावी! त्यांनी एकदा पौषात ग्वाल्हेरीस यावे आणि आमच्या लष्करातील एखाद्या राममंदिरात पहाटेच्या आरतीस उभे राहावे. हातात टाळ आहेत की बर्फाच्या चकत्या, हेच कळेनासे होते.

ही विद्या आम्हांस वहिनींनी दिली. दहाव्या वर्षी आम्ही विषमज्वराने अंथरुणास खिळलो होतो. आमची कुरकुर थांबावी म्हणून त्यांनी दोन सुया आणि उरलीसुरली लोकर पुढ्यात टाकली. एक सुलट, एक उलट. त्यातून जो गळपट्टा निघाला त्याची एक कड पार वाकडी होती. दादांनी त्याची यथेच्छ थट्टा केली आणि पुढले कित्येक हिवाळे तोच गळ्यात घातला.

यंदा दिवाळीच्या सुटीत आम्ही स्वत:साठी एक स्वेटर सुईवर घेतला आणि रात्रीच्या वाचनास डिकन्सची ‘अ टेल ऑफ टू सिटीज’ ही १८५९ सालची कादंबरी काढली. महाविद्यालयात असता ती आम्ही परीक्षेपुरती, म्हणजे न वाचल्यासारखीच, वाचली होती. तीत पॅरिसच्या एका मद्यगृहात बसून सतत विणणारी मादाम दफार्ज आहे. ज्यांचा सूड घ्यावयाचा त्यांची नावे ती सांकेतिक टाक्यांनी आपल्या विणकामात गुंफीत जाते. आमच्या हौसेस अशी जोडीदारीण भेटलेली पाहून प्रथम हसू आले. ते फार वेळ टिकले नाही.

त्याच कादंबरीत डॉक्टर मॅनेट आहेत. अठरा वर्षे बास्तीयच्या तुरुंगात काढलेला हा निरपराध माणूस कैदेच्या दहाव्या वर्षी आपली हकीकत लिहितो, एका सरदार घराण्यास त्याच्या शेवटच्या वंशजापर्यंत शाप देतो आणि तो कागद धुराड्यात दडवितो. पुढे त्यांची सुटका होते, मुलीचे लग्न होते, आणि जावई निघतो त्याच घराण्यातला! राज्यक्रांतीत तो कागद सापडतो आणि भर न्यायालयात जावयाविरुद्ध वाचला जातो. म्हातारा मध्ये पडू पाहतो. पण त्याचे आता कोण ऐकणार? साक्षीदार उलटू शकतो, कागद उलटत नाही. १८७२ चा पुराव्याचा कायदा जाऊन २०२४ च्या जुलैपासून नवा अधिनियम आला, तरी कागदाचा हा स्वभाव काही पालटलेला नाही.

येथे आम्ही पुस्तक मिटले. कारण आमच्या कपाटातही एक वही आहे.

चार वर्षांमागे वाड्यातल्या देवळाच्या पाळीवरून आणि मागल्या ओसरीवरून आमचे व दादांचे बिनसले. चूक कोणाची, ते येथे नको. आम्ही साक्षीदारही आमच्याच बाजूचे असणार. न जाणो, उद्या दावा लावावा लागला तर उपयोगी पडावी म्हणून आम्ही वही घातली. रामनवमीस आम्हांस न विचारता सुंठवडा वाटला, ही एक नोंद. ओसरीचे कुलूप बदलले, ही दुसरी. वहिनींनी हळदीकुंकवास बोलावणे धाडले नाही, हीसुद्धा. कोणत्या न्यायाधीशापुढे आम्ही हे वाचून दाखविणार होतो, देव जाणे. सत्तर पाने भरली आहेत.

ती जाळून टाकली, असे लिहिता आले असते तर बरे झाले असते. जाळली नाही. वकिलाच्या हातून कागद सहजासहजी नष्ट होत नाही. मात्र दिवाळीपासून तीत एकही ओळ चढलेली नाही.

स्वेटरची पाठ तोवर मुंढ्यापर्यंत आली होती. दुसऱ्या दिवशी उजेडात पाहतो तो खाली बॉर्डरीपाशी एक टाका गळून शिडी वर चढत आलेली. असा टाका क्रोशाच्या सुईने धागा धागा उचलीत वर आणता येतो. आम्ही तसे केले नाही. सगळी पाठच उसवली. उसवलेली लोकर वळ्यावळ्यांची होते. तिची लड करून कोमट पाण्यातून काढावी, सावलीत टांगावी, म्हणजे ती पुन्हा सरळ होते. अगदी पुरती नव्हे.

लड वाळेतो कन्येस पलीकडे पाठविले. तिचे तिकडे जाणेयेणे कधी तुटले नव्हते. दादांचे माप हवे, एवढेच सांगावयास सांगितले.

घटकाभराने ती परतली. काकूंचा निरोप असा : “भाऊजींना म्हणावे, जुने माप धरू नका. यांचे पोट सुटले आहे, छाती दोन इंच जास्त घ्या. आणि गळा उंच नको, यांना आता टोचतो.”

काल रात्री एकशेवीस टाके घातले. बॉर्डरीच्या चार ओळी झाल्या आहेत.