अणूच्या उपमा

एम.ए.च्या उत्तरपत्रिकांत गेली काही वर्षे एक वाक्य निरनिराळ्या वेषांत आम्हांला भेटते आहे : विज्ञान हीदेखील एक संहिताच आहे आणि विज्ञानाची सत्ये ही अखेर रूपकेच होत. उत्तर-आधुनिकतेवरील टिपणांमधून ते येते, आणि त्याला गुणही मिळतात. दाखला बहुधा अणूचा असतो. कालचा अणू आज खोटा ठरला, आजचा उद्या ठरेल. मग आख्यानाच्या पाठभेदांहून ही गोष्ट निराळी कशी? आम्ही दोघेही मराठीचे अध्यापक. पदार्थविज्ञानाशी आमचा संबंध शाळेपुरताच. तरी या वाक्याने आम्हांला इतके अस्वस्थ केले की, अणूच्या या उपमा एकदा ओळीने पाहाव्यात असे ठरवले.

आधी शब्द. 'अणुरेणू' ही जोडी तुकोबांच्या अभंगामुळे मराठी माणसाच्या तोंडी आहे. तिथे दोन्ही शब्दांचा अर्थ अतिसूक्ष्म कण एवढाच. परिभाषाकारांनी या जोडशब्दाची फाळणी केली, 'अणू' रसायनातल्या मूलद्रव्याला दिला आणि अणूंच्या संयोगाला 'रेणू' म्हटले. हिंदीत मात्र 'अणु' म्हणजे आपला रेणू, आणि आपल्या अणूला 'परमाणु'. वैशेषिकांचा परमाणूही अविभाज्य होता आणि ग्रीक 'अ‍ॅटम'चा अर्थही न कापता येणारा. अणू फुटला, नाव राहिले. भाषेला अशा विसंगतींचे काही वाटत नाही.

डाल्टन यांनी १८०८ मध्ये अणूला वजन दिले. रूप देण्याची गरज त्यांना फारशी पडली नाही. १८९७ मध्ये जे. जे. थॉमसन यांना इलेक्ट्रॉन सापडला, आणि मग ऋण प्रभाराचा हा कण राहतो कुठे, हा प्रश्न आला. धन प्रभाराच्या एकसंध गोलात इलेक्ट्रॉनांची वलये रुतलेली आहेत, असे त्यांनी १९०४ मध्ये मांडले. 'प्लम पुडिंग' हे नाव त्यांचे नव्हे, ते इतरांनी दिले. आपल्याकडच्या शालेय पुस्तकांत त्याचे कलिंगड झाले, लाल गर आणि त्यात बिया. भाषांतराच्या तासाला सांगावे असे हे उदाहरण आहे, कारण ज्याने आयुष्यात पुडिंग पाहिले नाही त्याच्यापुढे अणू लगेच उभा राहतो. मात्र कलिंगडात थॉमसन यांची फिरती वलये हरवली, तीही नोंदवायला हवीत. त्याच वर्षी जपानच्या हान्तारो नागाओका यांनी शनी आणि त्याची कडी अशी उपमा सुचवली होती.

इथवर विद्यार्थ्यांचे म्हणणे मान्य करता येईल. एक पुडिंग, एक शनी. ज्याला जे रुचेल ते. पण १९०९ मध्ये मँचेस्टरला रदरफर्ड यांच्या प्रयोगशाळेत हान्स गायगर आणि वीस वर्षांचा विद्यार्थी अर्नेस्ट मार्सडन यांनी धातूच्या पातळ पत्र्यांवर अल्फा कण सोडले. सोन्याचा वर्ख आपल्या परिचयाचा, तसलाच. अंधाऱ्या खोलीत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून पडद्यावरचे ठिणगीसारखे लुकलुकणे एकेक करून मोजायचे, हे काम. पुडिंगमधून वेगवान कण थोडेसे वळून निघून जायला हवेत. बहुतेक गेलेही. पण काही माघारी फिरले. प्लॅटिनमच्या बाबतीत सुमारे ८००० मध्ये एक. रदरफर्ड स्वतः थॉमसन यांचेच विद्यार्थी. त्यांनी १९११ मध्ये गुरूचा गोल बाजूला ठेवला आणि अणूचा प्रभार एका अतिसूक्ष्म केंद्रात आहे, असे मांडले. त्या निबंधात हा प्रभार धन की ऋण, हेसुद्धा त्यांनी उघडे ठेवले होते. मात्र कोणत्या कोनात किती कण वळतील याचे सूत्र दिले, आणि १९१३ मध्ये गायगर-मार्सडन यांची मोजणी त्या सूत्राशी जुळली.

आमचे विद्यार्थी नेमका हाच भाग गाळतात. दोन उपमांमधली निवड अभिरुचीने झाली नाही, सत्तेने झाली नाही, मोजणीने झाली.

पुढचे लवकर सांगता येईल. सूर्याभोवती ग्रह तसे केंद्रकाभोवती इलेक्ट्रॉन, हे चित्र जगभर पसरले. पण फिरणारा प्रभार ऊर्जा उत्सर्जित करतो, तेव्हा असा अणू क्षणार्धात कोसळायला हवा. नील्स बोर यांनी १९१३ मध्ये ठरावीक कक्षांचा नियम घातला. हायड्रोजनच्या वर्णरेषा त्यातून नेमक्या निघाल्या, हेलियमच्या निघेनात. १९२५-२६ मध्ये हायझेनबर्ग आणि श्रोडिंगर यांच्या गणिताने कक्षाच मोडीत काढली. उरली ती इलेक्ट्रॉन कुठे सापडण्याची शक्यता किती, याची मांडणी. इंग्रजीने मात्र जुन्या 'ऑर्बिट'ला शेपूट जोडून 'ऑर्बिटल' शब्द केला, आणि अणुऊर्जेच्या बोधचिन्हांवर लंबवर्तुळे अजून फिरतच आहेत.

१९२२ मधल्या एका संभाषणात बोर म्हणाले होते की, अणूविषयी बोलताना भाषा कवितेत वापरतो तशीच वापरावी लागते. ही आठवण हायझेनबर्ग यांनी पुढे नोंदवली. साहित्याच्या वर्तुळांत हे विधान विजयाच्या सुरात सांगितले जाते, आणि तो सूर आम्हांला मान्य नाही. बोर कवितेकडे आले ते शब्द अपुरे पडले म्हणून, मोजणी सोडून नव्हे. कवितेतील चंद्राला कुणी वर्खावर पारखत नाही; त्याला ती गरजही नाही. दोन्हींना 'रूपक' म्हटल्याने विज्ञानाचे काही बिघडत नाही. बिघडते ते आमचे, कारण रूपक या शब्दाला मग काही अर्थच उरत नाही.

मागच्या वर्षी तासाला एका विद्यार्थिनीने उलट विचारले, "सर, मग समीक्षेत वर्ख कोणता?" मर्ढेकरांची लयसिद्धान्ताची मांडणी मागे पडली ती कशामुळे, असे तिला विचारायचे होते. आम्हा दोघांत यावर एकमत नाही. एकाच्या मते संहिताच वर्ख. वाचन तिच्यावर आपटून माघारी येते, आणि असे माघारी आलेले वाचन ओळखता येते. दुसऱ्याला वाटते की आपल्याकडे सिद्धान्त पडत नाहीत, ते वापरणारी माणसे निवृत्त होतात. तिच्या वहीत दोन्ही उत्तरे आहेत, आणि दोन्हींपुढे प्रश्नचिन्ह.