लेकीची व्हिसाची मुलाखत कुठे द्यावी?

वाचकहो, पूर्वी लेक द्यायची म्हणजे पैठण, सिल्लोड, फार तर जालन्यापर्यंत. सकाळच्या एस.टी.ने निघाले की दुपारी विहिणीच्या घरी जेवायला. आता आपली शिकलेली मुले छत्रपती संभाजीनगरहून पुण्याला जातात आणि पुण्याहून अमेरिकेला. लग्न इथे मांडवात लागते, पण लेकीला नांदायला जायचे तर आधी व्हिसाची मुलाखत द्यावी लागते. ती कोणत्या देशात द्यायची, हा प्रश्न आमच्या घरी आला होता. उद्या तुमच्याही दारी येईल, म्हणून चार गोष्टी सांगतो.

माझी भाची नर्स आहे. अबुधाबीला चार वर्षे नोकरीला होती. तिच्या पगारावर दाजींच्या विहिरीचे कर्ज फिटत होते. लग्न झाले ते आपल्याच भागातल्या, पण अमेरिकेचा नागरिक झालेल्या मुलाशी.

आधी रीत समजून घ्या. नवरा तिकडच्या सरकारकडे बायकोसाठी अर्ज करतो. तो मंजूर झाला की प्रकरण राष्ट्रीय व्हिसा केंद्राकडे जाते. तिथे फी भरायची, कागद द्यायचे, आणि बायकोला सांभाळण्याइतकी आपली कमाई आहे असे हमीपत्र नवऱ्याने द्यायचे. कागद पुरे झाले की मुलाखतीची तारीख लागते. नवरा नागरिक असेल तर बायकोच्या व्हिसाला वर्षाकाठी इतकेच, अशी मर्यादा नाही. तो नुसता ग्रीन कार्डवाला असेल तर मर्यादा आहे आणि रांगेत नंबर येईपर्यंत थांबावे लागते. स्थळ पाहतानाच हे विचारून घ्यावे. जमिनीचा उतारा पाहतो, तसेच हेही पाहावे.

आता जागेचे. मुलाखत मनाला येईल त्या देशात देता येत नाही. १ नोव्हेंबर २०२५ पासूनचा नियम असा, की माणूस जिथे राहतो तिथे, किंवा मागणी केली तर ज्या देशाचा तो नागरिक आहे तिथे. आपल्या भागातल्या लोकांच्या या मुलाखती मुंबईला होतात. तिथली अमेरिकन वकिलात २०११ पर्यंत ब्रीच कँडीला होती, आता वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. म्हणजे भाचीला दोन दारे उघडी होती, अबुधाबी आणि मुंबई.

घरात रोज नवा सल्ला येऊ लागला. कोणी म्हणे, अबुधाबीला गर्दी कमी, तिथे लवकर काम होते. बहीण म्हणे, मुंबईच बरी, पोर चार दिवस डोळ्यांपुढे तरी राहील. शहरातल्या एका दलालाने तर पाहुणी म्हणून अमेरिकेत जा आणि तिथेच कायमचे कागद करून घ्या, असा सोपा मार्ग सांगितला. तो आम्ही ऐकून सोडून दिला. नांदायला जायचे आणि फिरायला चालले म्हणून सांगायचे, हे खोटे झाले. खोट्याचा ठपका एकदा बसला की दार कायमचे बंद होऊ शकते.

भाचीने फोनवर विचारले, "मामा, तुमचं काय म्हणणं आहे?"

मी म्हणालो, "पोरी, तारीख कुठे लवकर मिळते ते नंतर बघू. मुलाखतीत एखादा कागद कमी निघाला आणि थांबायची वेळ आली, तर तू कुठे थांबशील, ते आधी सांग."

वाचकहो, माझ्या मते सगळा निर्णय या एका प्रश्नावर आहे. मुलाखत दिली की लगेच व्हिसा हाती येतोच असे नाही. कागद मागतात, तपासणी चालते, त्यात आठवडे जातात, कधी महिनेही जातात. आखातातले राहणे नोकरीला बांधलेले असते. नोकरी संपली की थोडी मुदत मिळते, पुढे देश सोडावा लागतो. जिचा करार अजून दोन वर्षे चालणार आहे, तिने नोकरी सांभाळून तिथेच मुलाखत द्यावी हे शहाणपणाचे. ती मुंबईला आली आणि इथे अडकली, तर पगारही जाईल. पण भाचीचा करार तीन महिन्यांत संपत होता आणि कागद नुकतेच व्हिसा केंद्राकडे गेले होते. म्हणून मुंबई ठरली.

दाजींना ते जड गेले. पगार थांबणार होता आणि विहिरीचे दोन हप्ते राहिले होते. भाचीने करार पुरा केला, घरी आली आणि शहरातल्या एका दवाखान्यात निम्म्याहून कमी पगारावर लागली. मुलाखतीत जावयाच्या कराचा ताजा कागद कमी निघाला. तो येईपर्यंत सव्वा महिना गेला. पण तेवढे दिवस ती आईच्या हातचे खात होती, रविवारी कापूस वेचायला शेतात येत होती. परक्या मुलखात मुदतीचे दिवस मोजत बसायची पाळी तिच्यावर आली नाही.

आता कागदांचे. मुलाखत कुठेही असली तरी कागद बहुतेक तेच लागतात. लग्नाची नोंद ग्रामपंचायतीत किंवा महापालिकेत वेळेवर करा. फोटो आणि पत्रिका म्हणजे दाखला नव्हे. परदेशात वर्षभर किंवा जास्त राहणे झाले असेल तर तिथल्या पोलिसांचा दाखला लागतो, तो तिथून निघण्यापूर्वी काढावा. इथला दाखला पासपोर्ट कार्यालयाकडून मिळतो. वैद्यकीय तपासणी वकिलातीने नेमलेल्या डॉक्टरांकडेच होते, आपल्या ओळखीच्या डॉक्टरांचा कागद चालत नाही. आपल्या शहराचे नाव २०२३ साली बदलले, त्यामुळे जुन्या कागदावर औरंगाबाद आणि नव्यावर छत्रपती संभाजीनगर असते. भाचीने राजपत्राची प्रत सोबत ठेवली होती. माहेरचे आणि सासरचे नाव सगळीकडे एकाच स्पेलिंगने लिहा.

जावयाने मुलाखतीला यायलाच हवे असे नाही. त्याचे विमानभाडे वाचवा आणि त्याच्याकडून कागद पुरे करून घ्या. मुलाखतीची जागा मध्येच बदलायची तर व्हिसा केंद्राला कळवावे लागते आणि त्यात वेळ जातो. तेव्हा सुरुवातीलाच नीट ठरवा. नियम बदलत असतात. म्हणून अर्ज करण्याआधी वकिलातीच्या अधिकृत संकेतस्थळावर शाळेतल्या गुरुजींकडून किंवा कॉलेजातल्या पोराकडून एकदा पाहून घ्या.

आणि शेवटचे. व्हिसा हाती पडेपर्यंत विमानाचे पक्के तिकीट काढू नका, लेकीची इथली नोकरी सोडवू नका, तिच्या जाण्याच्या भरवशावर जमिनीचा सौदा करू नका. व्हिसा मिळाला की तो साधारण सहा महिने चालतो. तेवढ्यात तयारी होते, देवदर्शन होते, पाहुण्यारावळ्यांना भेटणेही होते.