किमान शिल्लक

माणसाने आयुष्यात एकदा तरी जुनी गाडी घ्यावी. नवी घेणाऱ्याला फक्त हप्ते कळतात, जुनी घेणाऱ्याला अध्यात्म कळते. मी बी.कॉम. झालो, वीस वर्षे बँकेच्या काउंटरमागे बसलो, पण ‘किमान शिल्लक’ म्हणजे काय ते मला कळले गेल्या मे महिन्यात, लाखनीच्या अलीकडे, भर रस्त्यात.

गाडी एका निवृत्त गृहस्थांची. “अगदी घरच्या माणसासारखी वापरलीय,” ते म्हणाले. घरच्या माणसाला आपण कसे वापरतो, हे मला तेव्हाच आठवायला हवे होते. हिला आठवले. “चांगली असती तर विकली असती का त्यांनी?” हिने विचारले. मी ऐकले नाही. त्यामुळे पुढे गाडीला जे जे झाले, ते हिला न कळू देणे हे माझे कर्तव्यच होऊन बसले.

इंजिनाशेजारी एक पांढुरकी प्लास्टिकची टाकी असते. तिच्यावर दोन रेघा, वर ‘मॅक्स’, खाली ‘मिन’. मध्ये कूलंट नावाचे रंगीत पाणी दिसायला हवे. पाचव्या दिवशी पाहतो तर ते ‘मिन’च्याही खाली! जनधन खाते २०१४ पासून शून्य शिल्लकेवर चालते, गाडी चालत नाही.

मग मी काय केले? भित्रा कॅशियर करतो तेच. संध्याकाळी रोकड ५० रुपयांनी कमी भरली, की चूक शोधायची सोडून खिशातली नोट त्यात सारायची आणि घर गाठायचे. हे किती वाईट, हे मी नव्या पोरांना नेहमी सांगतो. पण इथे मीच तांब्याभर नळाचे पाणी ओतले. हिशेब जुळला. पुढच्या आठवड्यात पुन्हा तूट, पुन्हा तांब्या. भंडाऱ्यात पितळी तांब्यांना तोटा नाही. पहाटे हिच्या आधी उठून मी अंगणात जाई. शेजारणींनी विचारले तेव्हा ही कौतुकाने म्हणाली, “हल्ली सूर्याला अर्घ्य देतात हो!”

मे महिन्यात साकोलीला लग्न निघाले. मागच्या सीटवर सासूबाई. वैनगंगेचा पूल ओलांडला, कारधा मागे पडले, आणि थोड्याच वेळाने एसी गरम वारा सोडू लागला. काटा लाल रेघेला टेकला. बॉनेटमधून वाफ निघाली. मी उतरलो आणि धाडसाने रेडिएटरच्या झाकणाला हात घालणार, तोच पलीकडच्या पंक्चरवाल्याने आरोळी ठोकली, “हात नोका लावू, साहेब!”

त्याने मला सावलीत बसवले. झाकण आतला दाब धरून ठेवते, म्हणून पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण फिरवले की दाब सुटतो आणि सारे उकळते पाणी तोंडावर येते. ते ऐकून माझे पाय लटपटले.

अर्ध्या तासाने इंजिन थंडावल्यावर त्याने तूट शोधून काढली. खालच्या पाइपाची क्लिप ढिली होती. थेंब थेंब पाणी झिरपत होते आणि गरम इंजिनावरच वाळत होते, म्हणून जमिनीवर डाग नाही. क्लिपची किंमत दोन आलूबोंड्यांएवढी. “असीच चालवली असती त हेड गेलं असतं,” तो म्हणाला. “पानी कोनतं टाकता?”

“नळाचं,” मी पुटपुटलो.

“म्हून आत क्षार बसले. कूलंट उकळी लांबवते, गंज धरू देत नाही. तुमी त थे पातळच करत गेले. आता हे पानी साकोलीपुरतं. उद्या सारं काढून कूलंट भरा.”

सासूबाई तलावांच्या मुलखातल्या. बापजाद्यांचा मालगुजारी तलाव पाहत वाढलेल्या. त्या इतका वेळ गप्प होत्या. आता म्हणाल्या, “जावईबापू, तलाव झिरपला त आमी पाळ पाह्यतो. गुंडानं पानी नाई टाकत.”

वीस वर्षांत एकाही इन्स्पेक्टरने माझे ऑडिट इतक्या थोडक्यात केले नव्हते.

ही माझ्याकडे पाहत होती. “म्हणजे ते अर्घ्य...?” मी मान खाली घातली. ही चिडली नाही, तेच जड गेले. एवढेच म्हणाली, “गाडी गळते याचं काही नाही हो. मला सांगितलं का नाही? आईला घेऊन निघालो होतो आपण.” याला माझ्याकडे व्हाउचर नव्हते.

आता दर रविवारी सकाळी, इंजिन थंड असताना, आम्ही दोघे बॉनेट उघडतो. ही टॉर्च धरते, मी रेघ वाचतो. शिल्लक दोन रेघांच्या मध्ये असते. परवा शेजारणीने विचारले, “अर्घ्य बंद केलं का भाऊजींनी?”

“हो,” ही म्हणाली. “सूर्यदेव पावले. लाखनीजवळ दर्शनच दिलं.”