घरमालक

घरमालक हा शब्द कानी पडला की आमच्या डोळ्यांपुढे लहानपणापासूनची एक ठरावीक मूर्ती उभी राहते: पायांत करकरणाऱ्या वहाणा, हातात काठी, आणि तोंडी एकच प्रश्न, "भाड्याचे काय झाले?" आमच्या वडिलांनी सारा संसार भाड्याच्या खोल्यांत केला, त्यामुळे या मूर्तीशी आमचा परिचय जुना. महिन्याचा पहिला आठवडा उलटला की आई आम्हांस दारात उभे करी आणि आम्ही पढविल्याप्रमाणे सांगत असू, "बाबा घरी नाहीत." बाबा त्या वेळी स्वयंपाकघरात पाटावर श्वास रोखून बसलेले असत. ती काठी पुढे आमच्याच हाती येणार आहे असे तेव्हा कुणी सांगितले असते, तर आम्ही त्याला वेड्यात काढले असते.

परंतु निवृत्तीच्या वेळी चार पैसे एकदम हाती आले, आणि जन्मभर भाडे भरलेल्या माणसाला भाडे घेण्याची हौस सुटली. सिल्लोड हे अजिंठ्याच्या वाटेवरचे तालुक्याचे गाव. मका, कापूस आणि विशेषेकरून हिरवी मिरची यांचा येथे व्यापार. व्यापार आहे तेथे माणसे येणार, माणसे येतात तेथे खोल्या लागणार, असे सरळ गणित मांडून आम्ही 14 लाखांना एक दोन खोल्यांचे घर घेतले. भाडे ठरले महिना 4,500 रुपये. नगर परिषदेची घरपट्टी, डागडुजी, रंग आणि घर रिकामे राहिल्याचे दिवस वजा घातले तेव्हा वर्षाकाठी 40,000 देखील उरेनात. तीच रक्कम बँकेत निजवून ठेवली असती तर दुपटीहून अधिक व्याज आले असते. आमच्या मंडळींनी हा हिशेब खरेदीपूर्वीच करून दाखविला होता. पण बँकेच्या पावतीला दार नसते, खिडकी नसते. आणि रस्त्याने जाताना 'हे आमचे' म्हणून तिच्याकडे बोट दाखविता येत नाही!

भाडेकरू मिळाला तो मिरचीचा लहानसा व्यापारी. तरुण, बोलण्यात आर्जवी. पत्नी, एक पाच-सहा वर्षांची मुलगी. पहिल्याच भेटीत त्याने आम्हांस 'काका' म्हटले आणि तेथेच आम्ही फसलो. ज्याने काका म्हटले त्याच्याकडून कागद कसा लिहून घ्यावा? एका महिन्याची अनामत घेतली आणि किल्ली दिली. आपल्याकडे पुष्कळांचा समज असा, की 11 महिन्यांचा कागद केला म्हणजे नोंदणीची कटकट नाही. या समजुतीचे मूळ 1908 च्या नोंदणी कायद्यात आहे; वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याला त्याने नोंदणी सक्तीची केली. परंतु 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचे 55 वे कलम मुदत पाहत नाही. करार लेखी हवा, नोंदलेला हवा, आणि ही जबाबदारी घरमालकाची. तसा करार नसेल तर अटींविषयी भाडेकरू सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. आम्ही तर 11 महिन्यांचाही कागद केला नव्हता. भीड हाच आमचा करार होता.

दोन वर्षे भाडे पाच तारखेच्या आत येत गेले. तिसऱ्या वर्षी मिरचीचा भाव पडला, त्याचे पैसे कुठेतरी अडकले, आणि भाडे थांबले. चार महिने आम्ही वाट पाहिली. मग एके दिवशी संभाजीनगरहून सिल्लोडच्या गाडीत बसलो आणि वाटेत काय बोलावयाचे ते मनाशी घोकले. आवाज चढवावयाचा नाही, पण मऊही पडावयाचे नाही.

दार मुलीने उघडले. आमच्याकडे न पाहता चौकटीकडे पाहत ती म्हणाली, "पप्पा घरी नाहीत."

उंबऱ्याशी पप्पांच्या चपला होत्या.

घोकलेले एकही वाक्य आम्हांस आठवले नाही. "बरे, सहज आलो होतो," एवढे बोलून आम्ही मागे फिरलो, ते थेट बसस्थानकावर येऊन बसलो. समोर अजिंठ्याची गाडी लागली होती. तेथल्या सोळाव्या लेण्यात शिलालेख आहे: वाकाटक राजा हरिषेण याचा सचिव वराहदेव याने पाचव्या शतकात ते लेणे कोरवून भिक्षुसंघाला राहावयास दिले. डोंगर फोडून घर करावे आणि भाडे मागू नये, ही ऐपत सचिवाची. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्याची नव्हे, अशी आम्ही स्वतःची समजूत घातली आणि परतीची गाडी धरली.

पुढे त्याने एका महिन्याचे भाडे पाठविले आणि दिवाळीपूर्वी घर सोडले. तीन महिन्यांचे, म्हणजे 13,500 राहिले होते. अनामत वळती केली, बाकी 9,000. घर ताब्यात घेतले तेव्हा कपाटाच्या फळीवर, वर्तमानपत्राच्या घडीखाली, काही पावत्या सापडल्या. सिमेंट, गळती थांबविण्याचे रसायन, गवंड्याची मजुरी: एकूण 3,200. तेव्हा आठवले. मागल्या पावसाळ्यात स्लॅब गळतो म्हणून त्याने दोनदा फोन केला होता आणि आम्ही 'पाऊस उघडल्यावर पाहू' असे म्हणालो होतो. मुलीचे अंथरूण नेमके त्या कोपऱ्यात असे. पाऊस उघडला, आम्ही पाहिले नाही. त्यानेच काम करून घेतले आणि पुढे भाड्यापायी तोंड लपविण्याची पाळी आली तरी या खर्चाचा शब्द काढला नाही.

नव्या भाडेकरूशी आम्ही रीतसर करार करून त्याची नोंदणी केली. अंगठे झाले, छायाचित्रे झाली. त्या कराराच्या फायलीत जुन्या पावत्याही ठेवल्या आहेत. त्यांची रक्कम वजा जाता 5,800 रुपये येणे निघते. वहीत तो आकडा आम्ही पेन्सिलीने लिहिला आहे. आमच्या मंडळी महिन्यातून एकदा विचारतात, की तो शाईने लिहावयाचा की खोडावयाचा.